सहा ठोकळे

माझ्या पिशवीत सहा लाकडी ठोकळे असतात,
एक तांबडा चेंडू, डोक्याचा घेर मोजायची फीत,
आणि एकशे बारा जणांची यादी. नावं नाहीत, क्रमांक.
झोंबाच्या इस्पितळात, मागच्या उबदार खोलीत
दोन वर्षांपूर्वी जी दीड किलोच्या आत जन्मली
ती आता कुठे आहेत, आहेत का,
हे विचारत मी काबाझाच्या, म्हणजे भाड्याच्या सायकलच्या
कॅरियरवर बसून गावोगाव हिंडते.
फॉर्मवर तीन चौकोन: आहे. नाही. सापडलं नाही.

ऑक्टोबर. चिल्वा सरोवर आटून मागे गेलेलं,
सुकत घातलेल्या मासळीचा वास झग्याला धरतो.

क्रमांक एकोणीस. जन्मवजन नऊशे ऐंशी ग्रॅम.
हा मला आठवतो. बाटलीतल्या पाण्यात
सहा सेंटिमीटर बुडवलेली नळी,
आणि त्या पाण्याची रात्रभर चाललेली बुडबुड.
मोडेस्टा सिस्टर शिकाऊ पोरींना सांगायच्या,
यंत्राच्या दिव्याकडे काय बघता, बाटलीकडे कान द्या.
बुडबुडे थांबले की कुठेतरी हवा निसटतेय,
आधी नाकापाशी बघा, मग मला हाक मारा.

आता तो चार ठोकळे रचतो, लाथेनं पाडतो,
पाचवा माझ्या मांडीवर ठेवतो,
सहावा चड्डीत खोचून शेळ्यांमागे पसार.
आई मागे धावते, चप्पल हातात.
मी लिहिते: आहे.

क्रमांक त्रेचाळीस.
अंगण नुकतंच झाडलेलं, खराट्याच्या रेघा तशाच.
फालेसी भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.
मी काही विचारायच्या आत
तिनं अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला.
बराच वेळ आम्ही दोघी सोलत राहिलो.

"पाच आठवडे होता घरी.
सतराशे ग्रॅम झाला म्हणून सोडलंत तुम्ही.
छातीशी बांधून आणला, बांधूनच ठेवला,
तुम्ही शिकवलं तसं.
एका पहाटे दूध ओढेना. पाय गार.
पूल आदल्या रात्री वाहून गेला होता.
दिवसभर काठावर बसून होतो,
पाणी उतरेल म्हणून."
एक शेंग पोकळ निघाली, ती बाजूला टाकली.
"विचारायला कुणी आलं नाही. तूच पहिली."

दोन वर्षं आमच्या तक्त्यात तो
बरं होऊन घरी गेलेल्यांत धरलेला.
लिलाँग्वेच्या सभेत त्या टक्केवारीला टाळ्या पडल्या,
मीही वाजवल्या.

मी मधल्या चौकोनात खूण केली.
ती वाकून बघत होती.
"नाव कुठे लिहितात?"
नाव लिहीत नाहीत, म्हटलं, ते गुप्त ठेवायचं असतं.
"कुणापासून?"
मला सांगता येईना.
"लास्टन," ती म्हणाली.
"त्या रात्री आम्हाला घेऊन आलेल्या ड्रायव्हरचं नाव ठेवलं.
चिखलात दोनदा गाडी रुतली, त्यानं दोनदा काढली."
मी समासात बारीक अक्षरात लिहिलं.
कार्यालयात खोडतील, ठाऊक होतं. पेननं लिहिलं.
निघताना तिनं सोललेले दाणे
ठोकळ्यांच्याच पिशवीत ओतले.

संध्याकाळी मोडेस्टा सिस्टर चार नव्या पोरींना
रबरी बाहुलीवर शिकवत होत्या:
मास्क हनुवटीवरून वर चढवा, डोळे झाकू नका,
दाब, सोड, सोड. इतकी घाई नको, छाती उचलू द्या.
मी त्रेचाळीसचं सांगितलं.
त्यांचा हात थांबला नाही.
"घरी गेल्यावर कितव्या दिवशी?"
पस्तिसाव्या.
"आणि पूल?"
आदल्या रात्री.
मग त्यांनी बाहुलीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं,
हळू, कानामागेही,
आणि पोरींना म्हणाल्या, लिहून घ्या.
मूल घरी सोडताना वजन बघाल, ताप बघाल,
आईला विचाराल, वाटेत नदी आहे का.
असली तर पावसाळा संपेपर्यंत सोडायचं नाही.
एकीनं विचारलं, खाटा पुरतील?
"नाही पुरणार," सिस्टर म्हणाल्या. "लिही."

रात्री मी साहित्याची वही भरली.
फीत एक, चेंडू एक, ठोकळे पाच.
सहावा: सापडला नाही.
तो कुठे आहे ते मला चांगलं माहीत आहे.